निवडबाईचा गुलाब

फाटकाशेजारच्या भिंतीवरचा गुलाबाचा वेल तिने स्वतः निवडून आणला होता. त्यानंतर त्या घरात तिने निवडलेलं असं दुसरं काही आलं नाही. वेल पांढऱ्या फुलांचा होता. म्हणजे फुलं पांढरी येतात असं नर्सरीतली बाई म्हणाली होती, प्रत्यक्षात त्या भिंतीवर ती कुणी पाहिली नव्हती. दर वर्षी वेल पानांनी भरगच्च व्हायचा, कोंबांवर कोंब काढायचा, आणि फूल म्हणाल तर औषधालाही नाही. मग नवरा फाटकात उभा राहून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "आमच्या हिची निवड!"

त्यावरून तिचं नाव निवडबाई पडलं. आधी नवऱ्याने ठेवलं, मग दिरा-जावांनी उचललं, पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. आपणही तिला तेच म्हणू, कारण तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारून बरीच वर्षं झाली होती.

निवड काही तिने आंधळेपणाने केली नव्हती. घर स्वतःचं झालं तेव्हा पुढे हातभर मातीची पट्टी आणि एक उघडीबोडकी भिंत मिळाली. भाड्याच्या खोल्यांत जन्म गेलेल्या बाईला त्या भिंतीचं केवढं अप्रूप! कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती एकटीच नर्सरीत गेली. तिथली बाई जाडजूड, घसा बसलेली आणि कोपरापर्यंत चिखलात. तिने आधी निवडबाईचीच उलटतपासणी घेतली. भिंतीवर ऊन सकाळचं की दुपारचं? जवळून माणसं जातात का? भिंत ओली राहते का?

"सकाळचं ऊन. आणि फाटकच आहे तिथे, येणारंजाणारं सारखं."

"मग फार काटेरी नको. कुणाची तरी बाही फाटायची."

तिने तीन वेल दाखवले. एकाला हाताच्या पंजाएवढी फुलं, वर्षभर अधूनमधून येणारी. पण त्याच्या फांद्या ताठ, वाकवायला गेलं की मोडणाऱ्या. दुसऱ्याची फुलं देखणी, पण पावसाचा थेंब पडला की कळ्या देठावरच तपकिरी होऊन कुजायच्या. तिसऱ्याची फुलं लहान, झुपक्यांनी येणारी, आणि तीही वर्षातून एकदाच. पण आली की भिंत दिसत नाही, असं ती बाई म्हणाली. त्याच्या फांद्या मऊ होत्या, वळवाल तशा वळणाऱ्या, आणि काटे मोजकेच. त्यावर उरलासुरला एक झुपका होता. निवडबाईने वास घेतला. मग दुसरे दोन पुन्हा पाहिले, पुन्हा तिसऱ्यापाशी आली. वर्षभर चार-चार फुलं बघण्यापेक्षा एकदाच, पण पोटभर बघू, असं तिने ठरवलं. एवढा विचार तिने लग्नाच्या वेळीही केला नव्हता. तेव्हा तिला कुणी विचारलंच नव्हतं म्हणा.

कुंडी हातात देताना बाई म्हणाली, "याला फार कापू नका हं. लांब फांद्या आडव्या बांधा आणि सोडून द्या. जुन्या फांदीलाच फूल धरतो हा."

संध्याकाळी तिने नवऱ्याला हे जसंच्या तसं सांगितलं. नवरा होता केशकर्तनकार. नाक्यावर त्याचं स्वतःचं दुकान, दोन खुर्च्या, दोन आरसे आणि दिवसभर चालणारं तोंड. तो म्हणाला, "सोडून द्या? अगं, सोडून दिलं की काय होतं ते मी रोज बघतो. सहा महिने न फिरकलेलं गिऱ्हाईक आणून दाखवू का तुला?" लेक तेव्हा शाळेत होती. ती खो खो हसली. निवडबाईलाही हसू आलं. आणि तो विषय तिथेच संपला.

पहिल्या थंडीत त्याने वेल कापला. कापण्याचा त्याचा थाटच वेगळा. झाडांची कात्री त्याने दुकानातल्या वस्तऱ्यासारखी परजून घेतली होती. कापण्याआधी ती हवेत दोनदा वाजवायची, सवयच होती ती. मग फांदीमागून फांदी, सगळा वेल गुडघ्याएवढा, एका रेषेत. शेवटी दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचं. खरं सांगायचं तर काम सुरेख व्हायचं. रस्त्याने जाणारे थांबून दाद द्यायचे. फक्त फुलं तेवढी यायची नाहीत.

दोन-तीन वर्षं तिने वाट पाहिली. खत घातलं, भांडी विसळलेलं पाणी घातलं, कीड बोटांनी चिरडली. नर्सरीतल्या बाईचं बोलणं हळूहळू तिच्या मनातून पुसलं गेलं. आठवलंच कधी, तर वाटायचं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. बाईने गिऱ्हाइकाला वांझोटा वेल गळ्यात मारला आणि आपण बावळटासारखा तो घेतला, असं तीही म्हणू लागली. नवऱ्याची री ओढणं सोपं जायचं. घरात शांतता राहायची.

गंमत म्हणजे कारखान्यात तिचा शब्द चालायचा. गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात ती काज-बटणावर होती, आणि तयार माल तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पेटीत पडत नसे. "मावशी, हा दोरा चालेल का? मावशी, ही कॉलर बसलीय ना नीट?" ती "नाही" म्हणाली की अख्खा गठ्ठा उसवायला जायचा, मुकादमसुद्धा हूं की चूं करत नसे. संध्याकाळी फाटकातून आत आलं की मात्र ती निवडबाई. पडद्यांचा रंग सुचवला की नवरा म्हणायचा, "तू डाळ-तांदूळ निवड, बाकीचं मी निवडतो." सगळे हसायचे. विनोद खरोखरच चांगला होता, आणि हेच तर दुखणं होतं. वाईट विनोदावर माणूस रागावू तरी शकतो.

मग लेकीला तो मुलगा आवडला. फरश्या विकणाऱ्या कंपनीत साहेब, कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं लोण्यासारखं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा नवरा त्याच्यावर निहायत खूश झाला. निवडबाई समोर बसून बघत होती. लेकीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो देत होता. तिला चहा हवा का? "नको, तिला पित्त होतं." नोकरी चालू ठेवणार का? "बघू, तिची दमछाक होते." लेक त्याच्याकडे बघून मान हलवत होती. असं मान हलवणं निवडबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं.

पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, "हा मुलगा नको."

नवऱ्याने फाटकाकडे बोट केलं. "तुझी निवड त्या भिंतीवर चढलीय बघ. माहीत आहे आम्हाला."

तो हसला. लेकही हसली. निवडबाईने मूग गिळले आणि कपबशा उचलल्या. दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या लग्नाच्या कपड्यांना काजं करायला बसली.

पुढे जे व्हायचं ते झालं. लेकीची नोकरी सुटली, मग मैत्रिणी सुटल्या, मग तिचा फोन यायचा तोही दोन वाक्यांत आटपायचा. यंदाची थंडी सरता सरता ती एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. न विचारता मैत्रिणीकडे गेली म्हणून तिच्या नवऱ्याने तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आत त्याचं जेवण चालू होतं. जेवण, मग बातम्या, मग फळं. जिन्यातून जाणारे-येणारे लोक तिला बघत होते. सगळं आटोपल्यावर त्याने दार उघडलं आणि हसून विचारलं, "कळलं?" लेकीने हे एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

त्याच थंडीत निवडबाईच्या नवऱ्याचा उजवा हात मोडला होता. दुकानात दिवा बदलायला स्टुलावर चढला आणि ओल्या फरशीवर आपटला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. दुकान दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिरावर सोडून तो घरात बसून राहिला आणि सगळ्यांना खायला उठला. वेल कापायचे दिवस आले आणि गेले. शेजारी म्हणाला, मी देतो कापून. तर हा उसळला. "माझ्या वेलाला परक्याची कात्री? आयुष्यात नाही." जळफळत त्याने वेल तसाच राहू दिला. लांब फांद्या लोंबायला लागल्या तेव्हा निवडबाईने कारखान्यातल्या चिंध्यांनी त्या भिंतीवर आडव्या बांधून टाकल्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नयेत, एवढाच तिचा हेतू.

आणि वेल फुलला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सकाळी कारखान्यात निघताना तिला वास आला. तोच, नर्सरीतला. वर बघितलं तर आडव्या बांधलेल्या फांद्यांवर, वीत-वीत अंतरावर, कळ्यांचे झुपके. आठवडाभरात भिंत दिसेनाशी झाली. फाटकाचा खांब झाकला गेला, त्यावरचा दिवा झाकला गेला. माणसं रस्ता ओलांडून बघायला येऊ लागली. नवरा गळ्यात हात अडकवून फाटकात उभा. "हात लागतो, साहेब! इतकी वर्षं कापून कापून मुळं घट्ट केली, तेव्हा कुठे आज हे दिसतंय." लोक माना डोलावत होते.

निवडबाई त्या दिवशी कारखान्यात उशिरा गेली. ती वेलापाशी उभी राहिली आणि एकेका झुपक्यापासून मागे मागे बोट नेत गेली, उसवलेल्या शिवणीचा दोरा शोधावा तशी. प्रत्येक झुपका गेल्या वर्षीच्या, तपकिरी पडलेल्या फांदीवर निघाला होता. यंदाच्या हिरव्या कोंबांवर एकसुद्धा नव्हता. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. बसलेल्या घशाचा तो आवाज तिला लख्ख आठवला. जुन्या फांदीलाच फूल धरतो हा. आणि जुनी फांदी तर दर थंडीत या माणसाने शिल्लकच ठेवली नव्हती.

तिला आनंद झाला नाही. तिला संताप आला. निवड बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

ती घरात गेली. "अहो, हा फुलला कारण यंदा तुम्ही कापला नाहीत."

नवरा डाव्या हाताने चहा पीत होता. "वा! म्हणजे मी हात मोडून घेतला म्हणून फुललं. दुसरा पण मोडून घेऊ का?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. आणला त्याच दिवशी."

"सांगितलं असशील. तू काय, सांगतेसच काही ना काही." तो लेकीकडे बघून हसला. लेक हसली नाही, पण म्हणाली, "आई, जाऊ दे ना. फुललाय ना आता?"

त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला. चूक झाली, रविवारी न्यायला येतो. निवडबाईचा नवरा एकदम हलका झाला. परत आलेल्या लेकीबद्दल फाटकात लोक विचारतात, त्याला उत्तर देणं जड जात होतं. तो म्हणाला, "माणूस स्वतःहून चूक कबूल करतोय. आणखी किती ताणायचं?"

"पाठवायचं नाही तिला," निवडबाई म्हणाली.

"तुझी निव..." सवयीने त्याचं बोट भिंतीकडे गेलं. भिंत पांढरी झाली होती. बोट तसंच हवेत राहिलं, मग त्याने ते कानात घातलं. "बरं बाई. पण एक वेल फुलला म्हणून लगेच न्याय द्यायला बसू नकोस."

रविवारी जावई आला. येताना मिठाईचा भलामोठा डबा. सासऱ्याच्या हाताची चौकशी, सासूला वाकून नमस्कार, सगळं यथासांग. सासऱ्याने लेकीला विचारलं, "काय गं, बरं वाटतंय ना आता?"

"छान आहे ती," जावई म्हणाला.

लेक आतल्या खोलीत बॅग भरायला गेली. निवडबाई तिच्यामागे गेली आणि दार लोटून घेतलं. "नको जाऊस."

लेक कपड्यांच्या घड्या करत राहिली. "इथे राहून काय करू? बाबा रोज विचारतात, कधी जाणार."

"बाबांचं सोड. मी सांगतेय."

"तू तेव्हाही सांगितलं होतंस," लेक म्हणाली. "एकदा."

"तुम्ही दोघं हसलात."

"हसले गं मी. बाबा हसले की मी हसायची, लहानपणापासून तेच करत आले. पण तू म्हणालीस तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं. मला वाटलं, आई आता पुन्हा म्हणेल, हट्ट धरेल, मग मी विचार करीन. दुसऱ्या दिवशी बघते तर तू काजं करत बसलेलीस. मला वाटलं, पटलं हिला."

निवडबाई पुढे झाली. "आता म्हणते. पुन्हा म्हणते. नको जाऊस."

लेकीचे हात थांबले. तिने आईकडे पाहिलं, नीट, आल्यापासून पहिल्यांदाच. "मग बाहेर चल आणि त्याच्यासमोर सांग. बाबांसमोर सांग. तू सांग, मी थांबते."

निवडबाईने पदर खोचला आणि दार उघडलं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. कारखान्यात गठ्ठा परत पाठवताना म्हणायची तसं, साधं, एका दमातलं.

बाहेरच्या खोलीत नवरा नुकताच फाटकाकडून आत आला होता. डाव्या हाताने, वेडीवाकडी कापून, त्याने फुलांचा भाराच आणला होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जावयासमोर धरला होता. तिला बघताच त्याचा चेहरा उजळला. "घ्या जावईबापू! आणि हे लक्षात ठेवा, हा वेल मी नाही आणला. नर्सरीभर फिरून हिने एकटीने आणला. आमच्या हिची निवड!"

तेच शब्द होते. पण या वेळी तो ते कौतुकाने म्हणाला, मनापासून, चारचौघांत मान वर करून. जावई उठून उभा राहिला. "वा आई, नजर आहे तुम्हाला!"

आणि निवडबाई सुखावली. काय करणार? इतक्या वर्षांची उपाशी होती ती. तिच्या गालांवर ऊन आलं, ओठ आपोआप रुंदावले, आणि ती म्हणाली, "वास घेऊन बघा ना."

जावयाने वास घेतला. नवऱ्याने भाव खाल्ला. कुणीतरी मिठाईचा डबा उघडला. ती भानावर आली तेव्हा लेक तिच्यामागे दारात उभी होती, हातात बॅग. आईचं हसू तिने पुरतं पाहिलं होतं. तिने चपला घातल्या, बाबांना नमस्कार केला आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. निवडबाई फाटकापर्यंत धावली, पण तोवर जावई काच वर करत होता. मागच्या सीटवर फुलं पडली होती.

फुलांचा बहर पंधरवड्यात ओसरला. पाकळ्या झाडून झाडून निवडबाईची कंबर धरली. त्यानंतर लेकीला फोन केला की जावई उचलायचा. "छान आहे ती," एवढं म्हणायचा. निवडबाई "बरं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. कारखान्यात तिच्या हातून एक गठ्ठा चुकीच्या काजांनिशी पेटीत गेला. मुकादमाने तिच्याकडे चमकून पाहिलं.

मग पुन्हा थंडी आली. नवऱ्याचा हात कधीच बरा झाला होता. एका सुट्टीच्या सकाळी त्याने झाडांची कात्री परजली आणि फाटकाशी जाऊन हवेत दोनदा वाजवली. तो आवाज ऐकून निवडबाई ओल्या हातांनी बाहेर आली आणि त्याच्या आणि वेलाच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावायचा नाही याला."

तिला वाटलं, आता विनोद येईल. त्याच्यासाठी ती तयार होती. ओरडायला, कात्री हिसकावायला, शेजाऱ्यांसमोर तमाशा करायलाही तयार होती.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. "बरं. नाही कापत. आधी सांगायचंस ना एवढं." त्याने कात्रीला खटका लावला, ती खिशात टाकली आणि तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "चहा टाकतेस का?"

ती वेलापाशीच उभी राहिली. भांडण नाही, तमाशा नाही, काही नाही. एवढ्यावर झालं होतं. तिला वाटलं होतं भिंत आहे, आणि तिथे नुसता पडदा होता. इतकी वर्षं ती तो हाताने बाजूलासुद्धा सारायला गेली नव्हती. नवऱ्याचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्याआधी स्वतःचाच इतका आला की तिने तोंडात पदर कोंबला.

मग तिने हात पुसले आणि आत जाऊन फोन लावला.

"छान आहे ती," जावई म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. तिला द्या."

मग "कामात आहे ती," म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला.